पंप कपाटात आहे

मराठी विभागाची संपादक म्हणजे माझीच हॉस्टेलची रूम पार्टनर. सबमिशनच्या आदल्या रात्री तिने मला धरून बसवलं आणि म्हणाली, "तू लिही." मी म्हटलं, "अगं, मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या 'ळ' ला अजून पब्लिक हसतं. भाजीवाली 'एकोणसाठ' म्हणाली की मी सरळ शंभरची नोट देते." ती म्हणाली, "चालेल, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." तेव्हा मंडळी, चुका सापडल्या तर तिला पकडा, मला नाही.

विषय आहे दमा. थांबा, पान उलटू नका! हा आरोग्य-सल्ला नाही. (थोडासा आहे.)

मराठीत 'दम' हा शब्द किती कामाला येतो बघा. दम खा, दम धर, दम असेल तर ये, आणि शिक्षकांचं आवडतं, 'दम देणे'. आमच्या घरी मात्र त्याला एक काना जोडून जो शब्द होतो तो कुणी उच्चारायचा नाही. आजी पाहुण्यांना सांगायची, "हिला जरा सर्दीचा त्रास आहे." आई म्हणायची 'ब्रीदिंग प्रॉब्लेम'. शाळेच्या फॉर्मवर मात्र 'अस्थमॅटिक' असं नीट स्पेलिंगसकट लिहिलं होतं. इंग्रजीत लिहिलं की आजाराची लाज कमी होते की काय, कोण जाणे.

मी नाशिकच्या एका कॉन्व्हेंट शाळेत होते. चौथीच्या वर्गात आम्ही ६२ मुली. जूनमध्ये आईने क्लास टीचरना, म्हणजे आमच्या मिसना, एक पत्र आणि माझा निळा पंप दिला. पत्रात लिहिलं होतं, मुलगी अस्थमॅटिक आहे, कृपया काळजी घ्यावी. काळजी घ्यावी म्हणजे नक्की काय करावं, ते काही पत्रात नव्हतं. आईला वाटलं, शाळेला माहीत असणारच. शाळेला वाटलं, तसं काही असतं तर आईने सांगितलं असतंच की. मधल्या त्या रिकाम्या जागेत मी माझं चौथीचं वर्ष काढलं.

मिस वाईट होत्या असं कुणी समजू नका. उलट फार प्रेमळ. त्यांनी काळजी घेतली म्हणजे किती घेतली! पहिल्याच दिवशी मला पहिल्या बाकावर बसवलं, फळ्याच्या अगदी खाली. त्या डस्टर फिरवायच्या आणि खडूची सगळी पावडर माझ्या नाकात. आठवडाभर खोकल्यावर मला उचलून शेवटच्या बाकावर ठेवलं. तिथे मागे जुने चार्ट आणि थर्माकोलची मॉडेल्स भरलेलं कपाट, वर बोटभर धूळ. पी. टी. बंद, पिकनिक बंद, स्पोर्ट्स डेला मी कायम बेंचवर स्वेटर सांभाळायला. पावसात इतर मुली डबक्यात उड्या मारायच्या, मी खिडकीतून मोजायचे. डॉक्टरांनी यातलं काहीही बंद करायला सांगितलं नव्हतं! ते तर म्हणाले होते की रोजचं औषध नीट घेतलं तर पोरगी धावू दे, पोहू दे. पण ते वाक्य दवाखान्यातून शाळेपर्यंत पोचलंच नाही.

आणि पंप? शाळेचा नियम होता की मुलांच्या दप्तरात औषध चालणार नाही. नियम चुकीचा तरी कसा म्हणू, ६२ मुलींच्या वर्गात एकीच्या दप्तरातली गोळी दुसरीने चॉकलेट म्हणून खाल्ली तर? म्हणून पंप गेला ऑफिसच्या स्टीलच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली क्लार्क सरांच्या खिशात. ऑफिस तळमजल्यावर, आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर.

आता माझं कर्तृत्व सांगते. ऑगस्टमध्ये एकदा मॅथ्सच्या टेस्टला मला लाँग डिव्हिजन येत नव्हतं. मी छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मिस, ब्रीदिंग प्रॉब्लेम." काय जादू झाली! मिसनी ताबडतोब सिक रूममध्ये पाठवलं. तिथे पलंग, पंखा आणि मारी बिस्किटं. पुढच्या टेस्टला पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मिसनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण पाठवलं.

चौथ्यांदा खरं होतं.

२०१४ चा डिसेंबर. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. गॅदरिंगसाठी वर्ग सजवायचा म्हणून सकाळी ते मागचं कपाट उघडून सगळे जुने चार्ट झटकले होते. दुसऱ्या तासाला घसा खाजायला लागला, मग कोरडा खोकला, मग छातीत ती शिट्टी. आणि योगायोग असा की त्याच तासाला टेस्ट. मी उठून म्हटलं, "मिस..." मिस म्हणाल्या, "आज पण? सिट डाऊन अँड राइट." वर्ग हसला. मी बसले.

दमा नसलेल्या माणसाला हे कसं सांगावं? लोकांना वाटतं श्वास आत घेता येत नाही. खरं तर बाहेर जात नाही. जुनीच हवा आत अडकून बसते, त्यामुळे नवी घ्यायला जागा उरत नाही. सरबताच्या बारीक स्ट्रॉने श्वास घेऊन जिना चढून बघा, थोडी कल्पना येईल. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये हेगन-पॉयझीलचं समीकरण शिकवलं त्या दिवशी मी लेक्चरमध्ये चक्क जागी होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो, कारण त्रिज्येचा चौथा घात. फुफ्फुसातल्या नळ्या काही आदर्श पाइप नाहीत, पण मुद्दा तोच. लहान मुलाच्या नळ्या मुळातच अरुंद, त्यात आतून सूज, बाहेरून स्नायूंचा आवळ आणि वर चिकट कफ. थोडंसं आकुंचन झालं तरी सोळापटीचा हिशोब सुरू.

मिसना दहाएक मिनिटांनी कळलं. कारण त्यांनी "व्हॉट हॅपन्ड?" विचारलं आणि मला उत्तर पूर्ण करता येईना. "मिस, मला..." एवढं बोलून पुढचा श्वास. त्या धावत आल्या. मग त्यांनी तेच केलं जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. मला बाकावर आडवं केलं, पाठ चोळली, पाणी पाजलं, मुलींना वारा घालायला लावलं. चाळीस वह्या माझ्या तोंडासमोर धूळ उडवत होत्या. एक मुलगी पंप आणायला खाली धावली आणि धापा टाकत परत आली, "मिस, पंप कपाटात आहे, क्लार्क सर बँकेत गेलेत."

आणि तेवढ्यात माझी शिट्टी थांबली.

मिसच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला अजून दिसतो. "थँक गॉड, थांबलं." आज मला माहीत आहे की शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते. आवाज कमी होऊन पोर शांत पडतं, ओठ निळसर दिसतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, तेव्हा ते बरं होत नसतं, नळ्या जवळजवळ बंद होत असतात. डॉक्टर त्याला सायलेंट चेस्ट म्हणतात आणि त्याला सगळ्यात जास्त घाबरतात. पण बी. एड. वा डी. एड. झालेल्या बाईंना हे कुणी कधी सांगितलं होतं? शांत मूल म्हणजे चांगलं मूल, हेच तर शाळा शिकवते.

मला वाचवलं ते वर्ग झाडायला येणाऱ्या मावशींनी. त्यांच्या वडिलांना दमा होता. दारातूनच ओरडल्या, "झोपवू नका तिला, बसवा!" त्यांनी माझा टाय आणि बेल्ट काढला, मला बसवून थोडं पुढे वाकवलं, कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि सगळ्या मुलींना बाहेर हाकललं. खाली शिपाईमामांनी शाळेच्या घंटेच्या हातोड्याने कपाटाचं कुलूप तोडलं. पंप आला. मिसनी तो माझ्या तोंडात धरून दाबला, दोनदा, तीनदा. टोपण काढलेलंच नव्हतं. मीच थरथरत्या हाताने काढलं.

मग प्रिन्सिपल सिस्टरांची गाडी, हॉस्पिटल, नेब्युलायझर, एक रात्र ऑक्सिजन. पुढचं मला धड आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस हॉस्पिटलमध्ये आल्या. सॉरी वगैरे म्हणाल्या नाहीत. पर्समधून एक छोटी वही काढली आणि आईला म्हणाल्या, "हा कसा वापरायचा ते मला पहिल्यापासून दाखवा." आईने दाखवलं. टोपण काढायचं, हलवायचं, श्वास सोडायचा, ओठांत धरायचं, दाबतानाच हळू श्वास ओढायचा, दहापर्यंत धरून ठेवायचा. त्यांनी सगळं लिहून घेतलं, अगदी आकृतीसकट. जानेवारीपासून पंप त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता आणि त्या ड्रॉवरला कुलूप नव्हतं.

त्या तीन खोट्या दम्यांबद्दल मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला खाली बसवलं याचा दोष त्या स्वतःलाच देत असणार. हा अंक त्यांच्यापर्यंत पोचायची शक्यता जवळपास शून्य, म्हणून तर इथे लिहायचं धाडस करतेय.

हे सगळं आत्ताच का आठवलं? कारण माझी आत्या. ती निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपल्यावर मी तिच्याकडे आठ दिवस राहायला गेले. तिसऱ्या दिवशी तिने हजेरीचा पट माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तू इंजिनिअर ना, मला यात काय दिसतंय ते तुला दिसतं का बघ." तिसरीतला एक मुलगा. जून-जुलैत पावसाच्या तोंडावर चार-चार दिवस गैरहजर, मग ऑगस्ट-सप्टेंबर बरा, दिवाळीनंतर पुन्हा खाडे. शेऱ्यात प्रत्येक वेळी 'सर्दी-खोकला'. आत्या म्हणाली, "खेळाच्या तासाला दोन फेऱ्या मारल्या की हा खोकतो. हसला तरी खोकतो. सकाळी डोळे तारवटलेले, कारण रात्री झोप नाही. ही सर्दी नाही गं." मला इतकं भारी वाटलं! डॉक्टरांना ते मूल वर्षातून पाच मिनिटं दिसतं. बाईंना रोज पाच तास दिसतं. हजेरीपट हा खरं तर केवढा मोठा डेटा आहे, पण तो पोषण आहाराचा हिशोब लावण्यापलीकडे कुणी वाचत नाही.

तिने मला स्टाफ रूममध्ये उभं केलं. स्टाफ रूम म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि तांदळाची पोती. आत्या धरून तीन शिक्षक, एक मुख्याध्यापक सर. मला वाटलं हे लोक आता जुन्या समजुती सांगणार. सांगितल्याही. पंपाची सवय लागते म्हणे. एकाचा दुसऱ्याला होतो म्हणे, आणि २०२० च्या कोरोनानंतर तर खोकणाऱ्या पोराला शेजारी कुणी बसूच देत नाही. एक सर म्हणाले, "मृगाला हैदराबादला नेऊन तो मासा गिळवला की कायमचा जातो, आमच्या साडूने नेलं होतं." मी विचारलं, "गेला?" सर म्हणाले, "नाही, परत नेणार आहेत."

पंपाच्या सवयीवर मी त्यांना गणित घातलं. एका पफमध्ये साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची. म्हणजे एक गोळी बरोबर चाळीस पफ! गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंप जिथे पाहिजे तिथेच जातो. मग कडक औषध कुठलं? गणिताच्या बाई एकदम माझ्या बाजूला झाल्या. हा पंप आला कुठून, तेही सांगितलं. रायकर नावाच्या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखाला १३ वर्षांची दम्याची मुलगी होती. तिने १९५५ मध्ये बाबांना विचारलं, माझं औषध हेअर स्प्रेसारखं का नाही मिळत? १९५६ मध्ये पंप बाजारात. (आमचे प्रोजेक्ट गाइड विचारतात, प्रॉब्लेम स्टेटमेंट कुठून आणलं? असं आणतात सर.)

पण मुख्याध्यापक सरांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे समीकरण नव्हतं. ते म्हणाले, "बाळा, तुझं सगळं पटलं. पण आम्ही पंप दिला आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण? नाही दिला आणि काही झालं, तरी जबाबदार कोण? चार वर्ग, चार माणसं, त्यात एकजण कायम कुठल्या तरी ट्रेनिंगला. आम्हाला लेखी काही आहे का?" मी गप्प. ब्रिटनमध्ये २०१४ च्या ऑक्टोबरपासून शाळांना असा पंप डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकत घेऊन अडीअडचणीसाठी ठेवायची कायद्याने परवानगी आहे, दमा असलेल्या मुलांसाठी आणि पालकांच्या संमतीने. म्हणजे माझ्या शाळेत मामा हातोड्याने कुलूप तोडत होते त्याच्या दोनच महिने आधी. ते ऐकून सर नुसते हसले. शिक्षकाला दमा कळत नाही असं म्हणणं सोपं आहे. पण कळल्यावर त्याने काय करावं आणि त्याच्या पाठीशी कोण उभं राहील, हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून मग तो सगळ्यात सुरक्षित गोष्ट करतो. औषध कपाटात आणि पोर बेंचवर.

त्या मुलाच्या आईशी आत्याच बोलली. 'दमा' हा शब्द एकदाही न वापरता! मी शेजारी बसून ऐकत होते. "त्याचा श्वास अडखळतो, ताई. रात्री शिट्टीसारखा आवाज येतो का? उशी उंच लागते का?" आधी ती माउली नाही-नाही म्हणत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल म्हणतात. कुणाला बोलू नका, पुढे ह्याच्या बहिणीचं लग्न व्हायचंय." बहीण सहा वर्षांची आहे. मला आमची आजी आठवली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, २०१३ पासूनची योजना आहे ती. त्यांच्या तपासायच्या यादीत श्वासनलिकेचा हा त्रासही आहे. आत्याने पथकाच्या डॉक्टरांना नुसतं मूल नाही दाखवलं, हजेरीपट दाखवला. ग्रामीण रुग्णालयात पाठवणी झाली, रोजचा एक पंप आणि अडचणीचा निळा पंप मिळाला. कधी आणि किती पफ द्यायचे ते डॉक्टरांनी कागदावर लिहून सही केली. आईनेही खाली सही केली. मुख्याध्यापकांना पाहिजे होतं ते 'लेखी' असं एका पानापुरतं तरी मिळालं.

माझं योगदान म्हणाल तर एक बाटली. आठ वर्षांच्या पोराला दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जमत नाही, निम्मं औषध टाळूला चिकटतं. त्यासाठी स्पेसर लागतो, तो लगेच मिळेना. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं होतं की ५०० मिलीच्या साध्या प्लास्टिक बाटलीला बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून कडा नीट चिकटवली, तर मुलांना अॅटॅकमध्ये ती विकतच्या स्पेसरइतकीच चालते. थर्माकोलचा कप मात्र कमी पडला. मी गॅसवर तार तापवली, पंपाचं तोंड कागदावर ठेवून माप काढलं, तरी पहिल्या दोन बाटल्या वाकड्या झाल्या. वर्कशॉपच्या सरांनी बघितलं असतं तर जॉब रिजेक्ट! तिसरी जमली. साबणाच्या पाण्यात धुवायची आणि पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची. पुसली की स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. एक पफ बाटलीत, बाटलीच्या तोंडातून चार-पाच संथ श्वास, मग पुढचा. कागदावर लिहिलेले पफ संपले आणि तरी पोराला वाक्य बोलता येत नसेल तर थेट १०८. स्टाफ रूममध्ये सगळ्यांनी रिकामी बाटली तोंडाला लावून सराव केला. टोपण काढायला मुख्याध्यापक सरच विसरले.

परवा आत्याचा फोन आला. खेळाच्या तासाला तो स्वतःहून येऊन म्हणाला, "बाई, शिट्टी वाजतेय." बसवलं, दोन पफ दिले, पंधरा मिनिटांनी गडी पुन्हा लंगडीत. मी विचारलं, "आत्या, पंप कुठे ठेवतेस? कुलूप नाही ना?"

"छे गं. सगळ्यांच्या हाताला येईल असा ठेवलाय. या शाळेत दिवसभर एकच गोष्ट उघडी असते, त्यात."

"कशात?"

"खडूच्या डब्यात."

"आत्या!! खडूच्या डब्यात नको!"